लाइव्ह डॅशबोर्ड आणि सकाळचा अहवाल जुळत नाहीत, अलर्टकडेही आता कोणी पाहत नाही : बाम प्रशासकाने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (वाडी, नागपूर)

नमस्कार. वाडी भागातील एका मालवाहतूक आणि गोदाम व्यवसायात मी गेल्या आठ महिन्यांपासून बिझनेस अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरिंग प्रणालीची, म्हणजे चालू कामाचे आकडे लगेच पडद्यावर दाखवणाऱ्या आणि आम्ही बोलताना जिला ‘बाम’ म्हणतो त्या यंत्रणेची, प्रशासक म्हणून काम पाहते. त्याआधीची माझी सगळी नोकरी डेटाबेस सांभाळण्यात गेली. प्रणाली बसवून देणाऱ्यांनी सर्व्हर सुरू-बंद कसा करायचा आणि नवीन वापरकर्ता कसा जोडायचा एवढे शिकवले. पडद्यावरचा आकडा खरा आहे की नाही हे कसे ओळखायचे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

आमची रचना अशी आहे : ऑर्डर, गोदाम आणि वाहतूक या तीन सॉफ्टवेअरमधून प्रत्येक टप्प्याला एक मेसेज जेएमएस टॉपिकवर (सॉफ्टवेअरमधील मेसेज पोहोचवणाऱ्या सामायिक वाहिनीवर) जातो, बाम सर्व्हर तो वाचून डेटा ऑब्जेक्टमध्ये (बामच्या आतल्या तक्त्यात) नोंद करतो, आणि त्या नोंदींवर सतत चालणाऱ्या क्वेरींतून लोडिंग हॉलमधील मोठ्या पडद्यावर डॉकवरच्या गाड्या, प्रलंबित बिल्ट्या (मालाच्या वाहतूक-पावत्या) आणि मुदत संपत आलेली ई-वे बिले (माल नेताना सोबत लागणारी जीएसटीची ऑनलाइन कागदपत्रे) दिसतात.

माझी पहिली अडचण अशी की ‘आज रवाना झालेल्या गाड्या’ हा पडद्यावरचा आकडा आणि सकाळी वाहतूक सॉफ्टवेअरमधून काढलेला अहवाल कधीच जुळत नाहीत. फरक कधी तीन गाड्यांचा असतो, कधी अकरांचा. महिनाअखेरची बेरीज मात्र जवळजवळ जुळते, त्यामुळे मेसेज मोठ्या प्रमाणावर हरवत असतील असे वाटत नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरांची तक्रार आहे की त्यांचे काम पडद्यावर आदल्या दिवसाच्या खात्यात जमा होते. दिवसाचा आकडा पहाटे साडेपाचच्या सुमारास शून्यावर येतो. पाच वाजता जुन्या नोंदी काढून टाकणारे एक काम चालते, त्याचा तो परिणाम असावा असे मी आजवर धरून चालले होते.

दुसरी अडचण अलर्टची. दिवसाला काही शे ई-मेल आणि एसएमएस जातात आणि लोकांनी ते उघडणे सोडून दिले आहे. ई-वे बिलाची मुदत संपत असल्याचा अलर्ट तर इतक्या उशिरा येतो की त्याचा उपयोग राहत नाही. गेल्या महिन्यात मेमरी वाढवण्यासाठी सर्व्हर रात्री रीस्टार्ट केला, तेव्हा दुपारी लोडिंगला झालेल्या उशिराचे अलर्ट मध्यरात्री व्यवस्थापकांच्या फोनवर धडाधड गेले. आणि मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट म्हणजे एका रविवारी पडदा चार तास एकाच जागी थांबलेला होता आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही, कारण रविवारी काम तसेही थंड असते.

वरिष्ठांचे म्हणणे आहे की डॅशबोर्ड दर ३० सेकंदांऐवजी दर ५ सेकंदांनी ताजा करावा. त्याने काही साधेल का, आणि मी हात नेमका कुठे घालावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (बुटीबोरी)

नमस्कार ताई. दर ५ सेकंदांनी ताजा करण्याचा प्रस्ताव सध्या बाजूला ठेवा. चुकीचा आकडा सहापट वेगाने दाखवून तो बरोबर होणार नाही आणि क्वेरींचा भार मात्र वाढेल.

तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे असते, म्हणजे यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे ५:३० वाजता होते. तुमचा ‘आज’ पहाटे साडेपाचला सुरू होतो याचा अर्थ क्वेरी दिवसाची सीमा यूटीसीनुसार आखत आहे; पाच वाजताच्या सफाईच्या कामाचा त्याच्याशी संबंध नसावा. मध्यरात्र ते साडेपाच या वेळात निघालेल्या गाड्या पडद्यावर कालच्या ठरतात आणि अहवालात आजच्या. रात्री जितके लोडिंग जास्त तितका फरक मोठा, आणि महिन्याच्या बेरजेत फक्त दोन टोकांच्या रात्रींचा फरक उरतो. रात्रपाळीच्या सुपरवायझरांनी आजार अचूक सांगितला होता. असे प्रश्न बहुधा पडद्यासमोर उभ्या असलेल्या माणसालाच आधी दिसतात, म्हणून त्यांचे म्हणणे मी नेहमी लिहून ठेवतो.

दुरुस्ती करताना एक मोह टाळावा. प्रत्येक क्वेरीत साडेपाच तास मिळवून वेळ भागवता येते, परंतु सहा महिन्यांनी कोणीतरी मेसेज पाठवणाऱ्या बाजूला तीच दुरुस्ती करतो आणि मग अकरा तासांचा फरक शोधत बसावे लागते. वेळेचे रूपांतर एकाच ठिकाणी, म्हणजे मेसेज आत येताना करावे. साठवण यूटीसीत ठेवावी आणि दिवसाची सीमा आखताना व पडद्यावर दाखवताना भारतीय वेळ वापरावी. आत येणाऱ्या प्रत्येक वेळेसोबत तिचा वेळपट्टा (टाइम झोन) लिहिलेला आहे की नाही हे तिन्ही सॉफ्टवेअरच्या मेसेजमध्ये उघडून पाहा. एकाने भारतीय वेळ वेळपट्ट्याशिवाय पाठवली असेल तर सर्व्हर ती यूटीसी समजून पुन्हा साडेपाच तास पुढे ढकलेल. तुमच्या ई-वे बिलाच्या अलर्टमध्ये हेच होत असावे असा माझा दाट संशय आहे.

दुसरे म्हणजे डेटा ऑब्जेक्टमध्ये एकच वेळ न ठेवता तीन ठेवा : घटना प्रत्यक्ष घडली ती, मेसेज टॉपिकवर पोहोचला ती, आणि बामने तो नोंदवला ती. मी बुटीबोरीतील एका कारखान्यात उत्पादनाची बाम सांभाळतो. या तीन वेळा नव्हत्या तोवर ‘उशीर कुठे होतो’ या प्रश्नावर आमच्या बैठका केवळ एकमेकांकडे बोट दाखवण्यात जात असत. पहिल्या दोन वेळांतील अंतर वाढले तर दोष मेसेज पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे किंवा नेटवर्ककडे असतो, आणि शेवटच्या दोहोंतील अंतर वाढले तर तो बामकडे म्हणजे माझ्याकडे असतो.

अर्थात तिन्ही वेळांची तुलना करण्यासाठी घड्याळे जुळलेली असायला हवीत. सर्ट-इनने (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने) २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (घड्याळे जुळवणाऱ्या) सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, आपल्या यंत्रणांची घड्याळे जोडणे बंधनकारक आहे. सर्व्हरची घड्याळे बहुतेक ठिकाणी जुळलेली असतात. गोदामातील हातातले स्कॅनर मात्र सर्वजण विसरतात.

उत्तर २ (मिहान परिसर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी ई-वे बिल आणि अलर्ट या दोन गोष्टींवरच लिहिते, कारण त्यांत मी स्वतः बरेच पोळून निघाले आहे.

सामान्य मालाच्या ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, एक दिवस अशी मुदत १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यापूर्वी ती १०० किलोमीटरला एक दिवस अशी होती. बिलाच्या भाग-ब मध्ये वाहनाचा तपशील प्रथम भरला की मुदत सुरू होते आणि पहिला दिवस पुढच्या तारखेच्या शेवटी, मध्यरात्री, संपतो. समृद्धी महामार्गाची लांबीच ७०१ किलोमीटर आहे, त्यामुळे नागपूरच्या गोदामातून मुंबईकडे जाणाऱ्या मालाला किमान चार दिवस मिळतात. मुदत वाढवण्याची सोय ती संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्याच काळात असते. म्हणजे मध्यरात्री संपणाऱ्या बिलाची खिडकी दुपारी चारला उघडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बंद होते.

आता तुमच्या प्रणालीने मध्यरात्र ही यूटीसीची समजली असेल, तर तिच्या लेखी मुदत पहाटे साडेपाचला संपते. समजा अलर्ट ‘मुदतीच्या चार तास आधी’ असा लावला आहे. तो रात्री दीड वाजता जाईल, तेव्हा खरी मुदत संपून दीड तास झालेला असेल आणि गाडी वैध बिलाशिवाय रस्त्यावर धावत असेल. वेळ दुरुस्त केल्यावरही ‘चार तास आधी’ हा निकष मी ठेवणार नाही. रात्री आठ वाजता कार्यालयात कोण असते? अलर्ट खिडकी उघडताच, म्हणजे दुपारी चार वाजता, त्या गाडीचे काम पाहणाऱ्या एका व्यक्तीला जावा. सायंकाळी सातपर्यंत मुदत वाढवल्याची किंवा माल पोहोचल्याची नोंद आली नाही तरच तो तिच्या वरिष्ठांकडे जावा.

अलर्टच्या बाबतीत माझा नियम कडक आहे आणि त्यावरून माझे सहकाऱ्यांशी वादही झाले आहेत. जो अलर्ट आल्यावर अमुक माणसाने अमुक कृती करायची हे लिहून देता येत नाही, तो अलर्ट मी लावत नाही. त्याला डॅशबोर्डवर एक रंग पुरेसा आहे. ‘सर्वांना कळावे म्हणून’ दहा जणांना पाठवलेला अलर्ट प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटतो. तुमच्या काही शे अलर्टची एका आठवड्याची यादी काढा आणि प्रत्येकासमोर प्रत्यक्षात काय कृती झाली ते लिहा. ज्यांच्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते बंद करा, आणि ते बंद केल्याचे संबंधितांना लेखी कळवा. गुपचूप बंद केलेला अलर्ट पुढे प्रशासकाच्या अंगावर येतो.

उरलेल्यांपैकी बरेचसे उंबरठ्यावर लटकणाऱ्या आकड्यामुळे येत असतात. डॉकवर वीस गाड्या झाल्या की अलर्ट असेल, तर १९-२०-१९-२० असा खेळ तासभर चालतो आणि प्रत्येक वेळी एसएमएस जातो. अलर्ट उठण्याची पातळी वीस ठेवली तर तो उतरण्याची पातळी चौदा-पंधरा ठेवावी, आणि एकाच कारणासाठी ठरावीक वेळेत एकच संदेश जाईल अशी मर्यादा घालावी. पातळीही वर्षभर एक ठेवू नये. संत्र्याच्या आंबिया बहारात कळमन्याच्या बाजाराकडे गाड्या वळतात, ट्रक मिळायला वेळ लागतो आणि लोडिंगचा नेहमीचा कालावधीच बदलतो. तेव्हा उन्हाळ्यातील पातळीवर लावलेला अलर्ट दिवसभर ओरडत राहतो. पाळी, वार आणि हंगाम यांप्रमाणे पातळ्यांची एक साधी तक्ता-नोंद ठेवा आणि क्वेरीला ती वाचू द्या, म्हणजे आकडा बदलण्यासाठी क्वेरीला हात लावावा लागणार नाही.

उत्तर ३ (हिंगणा रोड)

नमस्कार. रीस्टार्टनंतरचे जुने अलर्ट आणि रविवारचा थांबलेला पडदा या दोन्ही गोष्टी मी एकत्र वाचल्या, आणि त्यांतून तुमच्या टॉपिकबद्दल एक अंदाज बांधता येतो.

जेएमएस टॉपिकवर साधी सब्स्क्रिप्शन (मेसेज मिळवण्याची नोंदणी) असेल तर ऐकणारा, म्हणजे मेसेज वाचणारा प्रोग्राम, बंद असतानाचे मेसेज त्याला पुन्हा कधीच मिळत नाहीत. ड्युरेबल सब्स्क्रिप्शन असेल तर ते साठून राहतात आणि ऐकणारा परत आला की एका दमात ओतले जातात. रीस्टार्टनंतर तुमच्याकडे दुपारचे लोडिंगचे अलर्ट आले, म्हणजे गोदामाचे मेसेज साठत होते. दुपारपासूनच ते तुंबलेले असावेत आणि रीस्टार्टने वाट मोकळी झाली असावी. तेव्हा तो ऐकणारा दुपारीच बंद पडला होता का, हे लॉगमध्ये पाहा. रविवारचे चार तास नंतर भरून निघाले का, हेही तपासा. गोदामाचे निघाले असतील आणि वाहतुकीचे निघाले नसतील, तर वाहतुकीच्या टॉपिकवर ड्युरेबल सब्स्क्रिप्शनच नाही असे समजावे. महिन्याची बेरीज ‘जवळजवळ’ जुळते असे आपण लिहिले आहे. त्या ‘जवळजवळ’मध्ये हे चार तास दडलेले असू शकतात.

ड्युरेबल करताना क्लायंट आयडी आणि सब्स्क्रिप्शनचे नाव नोंदवून ठेवा. पुढे कोणी नवीन बसवणी करताना नाव बदलले तर जुनी सब्स्क्रिप्शन अनाथ राहते, तिच्यासाठी मेसेज साठतच राहतात आणि एक दिवस मेसेज स्टोअर भरून सगळेच थांबते. आम्ही हे भोगले आहे. कारण सापडायला दोन दिवस लागले, कारण सर्वजण चालू असलेल्या सब्स्क्रिप्शनकडेच पाहत होते. काफ्का (मेसेज पोहोचवणारी दुसरी एक प्रणाली) वापरणाऱ्यांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो : तेथे मेसेज वाचला गेला की नाही याचा विचार न करता मूळ सेटिंगनुसार १६८ तास, म्हणजे सात दिवस, ठेवला जातो, त्यामुळे वाचणारा किती मागे पडला आहे यावर नजर ठेवणे हेच प्रशासकाचे काम होते.

मेसेज पुन्हा येणे हा अपघात नसून नेहमीचा व्यवहार आहे हे गृहीत धरा. डेटा ऑब्जेक्टमध्ये नुसती नवी नोंद न घालता बिल्टी क्रमांक आणि टप्पा या जोडीवर अपसर्ट करा (नोंद आधीच असेल तर ती बदला, नसेल तरच नवी घाला), म्हणजे तोच मेसेज तीनदा आला तरी गाडी एकदाच मोजली जाईल. तसे केले की हरवलेले तास वाहतुकीच्या डेटाबेसमधून निर्धास्तपणे पुन्हा भरता येतात. आणि प्रत्येक अलर्टच्या अटीत घटनेचे वय घाला : लोडिंगच्या उशिराची घटना तासाभरापेक्षा जुनी असेल तर नोंद व्हावी, परंतु फोन वाजू नये.

आता थांबलेल्या पडद्याविषयी. शांत डॅशबोर्ड आणि मेलेला डॅशबोर्ड सारखाच दिसतो, आणि ही या प्रकारच्या प्रणालीची मूळची उणीव आहे. त्यावर एक साधा उपाय आम्ही वापरतो, ज्याला आम्ही नाडी म्हणतो. प्रत्येक स्रोत सॉफ्टवेअरकडून दर मिनिटाला एक खोटी घटना त्याच टॉपिकमधून, त्याच ऐकणाऱ्यातून, त्याच डेटा ऑब्जेक्टपर्यंत जाते. मोजणीतून ती वगळलेली असते. तीन मिनिटे नाडी लागली नाही की अलर्ट जातो. हा अलर्ट बामने स्वतः पाठवता कामा नये, कारण बामच बंद असेल तर तो जाणारच नाही. दुसऱ्या यंत्रावरील एक छोटी स्क्रिप्ट तो पाठवते. पडद्याच्या कोपऱ्यात प्रत्येक स्रोताची ‘शेवटची नोंद : इतक्या मिनिटांपूर्वी’ ही ओळ मोठ्या अक्षरांत ठेवा. ज्या आकड्याशेजारी त्याचे वय लिहिलेले नाही, त्याला मी लाइव्ह म्हणत नाही.

पडद्यावरून आठवले : लोडिंग हॉलमधील पडद्यावर चालकांचे मोबाइल क्रमांक दिसत असतील तर ते आजच काढा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि कायदा नसता तरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते क्रमांक दिसण्याचे कारण नव्हते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनंतर)

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. काय केले आणि काय सापडले ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

दिवसाची सीमा यूटीसीनुसारच होती. ती भारतीय वेळेवर आणल्यावर रात्रपाळीचे काम त्याच तारखेला दिसू लागले. ई-वे बिलाच्या मेसेजमध्ये वेळपट्टा खरोखरच नव्हता. तो मूळ सॉफ्टवेअरमध्ये जोडून घेतला आणि अलर्ट दुपारी चारला हलवला. पहिल्याच आठवड्यात त्यावरून दोन बिलांची मुदत वेळेत वाढवली गेली. वाहतुकीच्या टॉपिकवर ड्युरेबल सब्स्क्रिप्शन नव्हती, रविवारचे चार तास कोरे होते, आणि ते अपसर्ट करून भरले. दुपारी तुंबलेल्या मेसेजचा अंदाजही बरोबर निघाला : गोदामाचा ऐकणारा त्या दिवशी एक वाजताच तुटला होता. पडद्यावर चालकांचे क्रमांक होते, ते काढले.

एवढे करूनही रोज दोन-तीन गाड्यांचा फरक उरत होता, आणि तो शोधताना जे हाती आले त्याचा मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. गोदामाचे सॉफ्टवेअर गेट पास निघाला की ‘रवाना’ म्हणते. वाहतुकीचे सॉफ्टवेअर भाग-ब भरला की ‘रवाना’ म्हणते, आणि ते कधी गाडी भरत असतानाच भरले जाते. म्हणजे रात्री पावणेबाराला भाग-ब भरून साडेबाराला फाटकाबाहेर पडलेली गाडी दोन तारखांना रवाना होत होती, आणि दोन्ही विभाग आपापल्या जागी बरोबर होते. दोन्ही विभागप्रमुखांना एकत्र बसवले, गाडी फाटकाबाहेर पडण्याची वेळ हीच रवानगी असे ठरले, आणि ती व्याख्या डॅशबोर्डवर आकड्याखालीच छापली. भाग-ब भरल्याची वेळ वेगळ्या नावाने ठेवली आहे, कारण ई-वे बिलाची मुदत तिच्यावरूनच मोजावी लागते.

अलर्टची यादी काढली तेव्हा सुमारे पाचातील चार अलर्टसमोर कृतीचा रकाना रिकामा राहिला. ते बंद केले आहेत. एका व्यवस्थापकांना ते मान्य नव्हते. त्यांना रोज संध्याकाळी एक संकलित ई-मेल जातो, आणि त्यावर आता त्यांची हरकत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. सर्ट-इनच्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत, तर डेटा ऑब्जेक्टमधील नोंदीही तेवढे दिवस ठेवाव्यात का? आणि तीन स्कॅनरमधून काही वर्षांपूर्वीच्या तारखेच्या घटना येतात, त्यांचे काय करावे?

उत्तर १ (बुटीबोरी)

ताई, व्याख्या आकड्याखाली छापण्याची कल्पना मी उद्याच आमच्याकडे उचलतो आहे.

१८० दिवसांचा नियम यंत्रणांच्या लॉगसाठी आहे, आणि ते भारतातच ठेवायचे आहेत. त्यांसाठी स्वतंत्र साठवण करा. बामचे डेटा ऑब्जेक्ट हे कोठार नाही. पडद्याला आणि अलर्टला जेवढे दिवस लागतात तेवढेच दिवस तेथे नोंदी ठेवाव्यात, आमच्याकडे ते पस्तीस दिवस आहेत, म्हणजे मागील महिन्याच्या त्याच तारखेशी तुलना करता येते. त्यापलीकडचे सारे अहवालाच्या डेटाबेसकडे जावे, अन्यथा क्वेरी मंदावतात आणि लोक पुन्हा मेमरी वाढवण्याची भाषा करू लागतात. सफाईचे काम पाळी बदलण्याच्या वेळेला ठेवू नका, आणि सफाई करण्यापूर्वी नोंदी दुसरीकडे पोहोचल्या आहेत हे त्या कामाने स्वतः तपासावे.

स्कॅनरच्या बाबतीत बहुधा बॅटरी पूर्ण उतरल्यावर घड्याळ मूळ तारखेवर जाते आणि नेटवर्क मिळण्यापूर्वीच हमाल स्कॅन करू लागतात. अशा घटना फेकू नका, कारण माल खरोखर हलला आहे. आणि मोजूही नका, कारण वेळ खोटी आहे. घटनेची वेळ मेसेज पोहोचण्याच्या वेळेपेक्षा एका दिवसाहून अधिक मागे किंवा पाच मिनिटांहून अधिक पुढे असेल तर ती नोंद वेगळ्या डेटा ऑब्जेक्टमध्ये जावी, आणि तिथे स्कॅनरचा क्रमांक दिसावा. पाळीच्या सुपरवायझरांनी दिवसातून एकदा ती यादी पाहून बिल्टीवरून खरी वेळ भरावी. आमच्याकडे त्या यादीत एकच स्कॅनर वारंवार येऊ लागला तेव्हा त्याची बॅटरी बदलली, आणि तेव्हापासून यादी बहुतेक दिवशी रिकामी असते.